२४ तासांत सुटका विकणाऱ्या जाहिराती आणि मंगळवेढ्याची तीन माणसं

मा. संपादक,
स. न.

तुमच्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर खालच्या कोपऱ्यात रोज त्या बाबा लोकांच्या जाहिराती येतात बघा, असाध्य आजार, कोर्टकेस, शत्रूपीडा, २४ तासांत गॅरंटीने सुटका, घरबसल्या फोनवर. त्याबद्दल हे पत्र आहे. छापाल की नाही माहीत नाही पण लिहिल्याशिवाय राहवेना. नुसती तक्रार नाहीये, देवाकडून होणारी सुटका कशी असते आणि ती कुणाला मिळाली हे आपल्याच जिल्ह्यातल्या गोष्टींवरून सांगायचंय, म्हणून पत्र जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आधी हे स्पष्ट करते की मी देवाधर्माची बाई आहे. गळ्यात माळ आहे, माहेरी वारी आहे. त्यामुळे देवाबिवाचं काही नसतं असं म्हणणाऱ्यांपैकी हे पत्र नाही. उलट देवावर विश्वास आहे म्हणूनच त्या जाहिराती बघून जीव जळतो.

आमचे मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. बीपी होता, लक्ष दिलं गेलं नाही, किडन्या गेल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. ज्यांच्या घरात हे नाही त्यांना नीट कळत नाही म्हणून सांगते, हातात छोटं ऑपरेशन करून रक्तवाहिन्या जोडतात, त्याला फिस्टुला म्हणतात, त्यात दोन जाड सुया घालतात आणि चार चार तास मशीनजवळ पडून राहायचं, किडनी मिळेपर्यंत नाहीतर जन्मभर. पण सुयांची सवय होते हो. तहानेची होत नाही. लघवीच होत नाही म्हटल्यावर पिलेलं पाणी जाणार कुठं, ते अंगात साठतं, पायावर सूज येते, मग फुप्फुसात पाणी. म्हणून दिवसाचं पाणी मोजून, आणि चहा, ताक, आमटीचा रस्सा सगळं त्याच मापात धरायचं. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला मी काय सांगायचा, पारा ४३-४४ ला टेकतो, पत्र्याच्या घरात पंखा गरम वारा फेकतो आणि माणूस बर्फाचा एक खडा जिभेखाली धरून बसलेला असतो. शहाळं चालत नाही, केळं चालत नाही, कारण पोटॅशियम वाढतं आणि पोटॅशियम वाढलं की हृदय बंद पडू शकतं.

हा माणूस पूर्वी तापट. जेवणात मीठ कमी पडलं तर ताट सरकवणारा. आज मापाचं भांडं माझ्या हातून घेतो, किती उरलंय विचारतो, संपलंय म्हटलं की मान हलवतो आणि गप्प बसतो. मशीनवरचा मुलगा आमच्या धाकट्याच्या वयाचा असेल, तो काका आज वजन जास्त आलंय, पाणी जास्त झालंय म्हणून रागावतो तर हे हो बाळा म्हणतात. शेजारच्या कॉटवरच्याला विचारतात, डबा आला का तुझा. मला विचाराल तर नम्रता म्हणजे काय ते मी त्या वॉर्डात बघितलं. प्रवचनं लई ऐकली होती त्याआधी, पण शेवटी दुसऱ्याच्या हातून पाणी मोजून घ्यायची वेळ आली तरी तोंड कडू न करणं हे काय असतं ते तिथं कळलं.

त्याच वॉर्डात एक आजी होत्या. घरच्यांनी अशाच एका जाहिरातीतल्या नंबरवर फोन केला. तुमच्याच पेपरातली होती की दुसऱ्या कुठल्या ते मला माहीत नाही आणि त्यानं फरक पण पडत नाही. बाबानं सांगितलं, किडनीवर करणी आहे, विधी चालू असेपर्यंत मशीनवर जायचं नाही. पैसे ऑनलाइन पाठवले, गळ्यातलं गहाण टाकून. दोन वेळचं डायलिसिस चुकवलं आणि रात्री आजींना श्वास घेता येईना, झोपवलं की गुदमरायचं, बसवूनच रिक्षातून आणलं. वाचल्या त्या वेळेला. घरची माणसं वाईट नव्हती हो, घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला २४ तास हा आकडा दिसला की बाकीचं काही दिसत नाही. त्यांच्याकडं बघून मला राग आला नाही. जो छापतो आणि जो छापायला देतो त्यांचा आला.

आता दुसरी बाजू. बाबा नको म्हणणारे जे सज्जन लोक भेटायला येतात ते काय बोलतात ते पण लिहिते. मागच्या जन्मीचं काहीतरी असेल. देव परीक्षा बघायलाय. सोसा, सोसणाऱ्याला देव पावतो. मोबाईलवर सकाळी सकाळी त्याच अर्थाचे फॉरवर्ड, वर उगवता सूर्य. बोलणाऱ्याचं मन चांगलं असतं, कबूल. पण मालकांनी स्वतः पडल्या पडल्या माझं प्रारब्ध म्हणणं वेगळं आणि बाहेरून आलेल्यानं गार पाण्याची बाटली हातात धरून तुमचं प्रारब्ध म्हणणं वेगळं. पहिल्यात माणूस वाकलेला असतो. दुसऱ्यात तो देवाच्या खुर्चीत बसून हिशोब सांगायलाय आणि ते त्याच्या लक्षात पण येत नाही.

वॉर्डातल्या एक सिस्टर ख्रिश्चन आहेत, त्यांनी एकदा बायबलमधल्या ईयोबाची गोष्ट सांगितली. चांगला माणूस, गुरंढोरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले, राखेत बसून खापरानं अंग खाजवायचा. तीन मित्र आले. सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, एक शब्द बोलले नाहीत, तिथपर्यंत ठीक होतं. मग बोलायला लागले आणि सगळ्यांचा सूर एकच, तू काहीतरी पाप केलं असणार. ईयोब गप्प नाही बसला, देवाला किती प्रश्न विचारले त्यानं, जन्माला आलो तो दिवसच नको होता म्हणाला. आणि शेवटी देव रागावला तो कुणावर तर मित्रांवर, माझ्याबद्दल ईयोब बरोबर बोलला, तुम्ही नाही म्हणून. ईयोबानं त्याच मित्रांसाठी प्रार्थना केली आणि मग त्याचे दिवस पालटले. पलीकडच्या कॉटवर एक मुस्लिम चाचा असतात, ते लगेच म्हणाले की हे तर आमचे अय्यूब, सब्र (धीर) म्हणजे अय्यूब. मग दोघंही बराच वेळ बोलत बसले, माझे मालक मध्ये पडून ऐकत होते. तेव्हा मला आमच्या गावाकडची माणसं आठवली.

माझं माहेर मंगळवेढा तालुक्यातलं. ज्वारीचं कोठार म्हणतात आमच्या भागाला, काळी जमीन, मालदांडी ज्वारी, तिला जीआय, म्हणजे ही याच भागाची असा सरकारी शिक्का, पण मिळालाय. सोलापुरातून तासाभराची वाट. त्या एका गावात तीन संत असे झाले की तिघांवर मोठं संकट आलं, तिघांनाही पांडुरंग भेटला असं आपण मानतो, आणि तिघांची सुटका तीन तऱ्हेची झाली.

दामाजीपंत सगळ्यांना माहीत आहेत. बिदरच्या बादशहाचे मंगळवेढ्यातले अधिकारी. १४६० च्या सुमाराला पाऊस गेला आणि दुष्काळ पडला, जुन्या सरकारी गॅझेटियरमध्ये सुद्धा त्याला दामाजीपंतांचा दुष्काळ असंच म्हटलंय. कोठारं सरकारी धान्यानं भरलेली आणि बाहेर माणसं मरायलेत. पंतांनी बादशहाला न विचारता कोठारं उघडली. काय होणार हे त्यांना कळत नव्हतं का, सरकारी माणूस होता तो, नियम त्यालाच जास्त माहीत. शिपाई आले तेव्हा पळून गेले नाहीत, लपले नाहीत, मी नाही त्यातला असं म्हणाले नाहीत. बिदरला नेताना वाटेत पंढरपुरात दर्शन तेवढं मागितलं. पुढची कथा लहान पोर पण सांगेल, देव विठू महार झाला, खांद्यावर घोंगडी, हातात काठी, बिदरला जाऊन धान्याची किंमत मोजली आणि पावती आणली. यात मला दोन गोष्टी फार मोठ्या वाटतात. एक म्हणजे देवा माझे पैसे भर असं पंतांनी कधी सांगितलंच नव्हतं, त्यांना पत्ता पण नव्हता. तिकडं सुटका होऊन गेली होती आणि माणूस इकडं अजून कैदी म्हणूनच चालत होता. दुसरं, देवानं रूप घेतलं ते सावकाराचं नाही, सरदाराचं नाही, गावानं ज्याला वेशीबाहेर ठेवलं होतं त्याचं घेतलं. बादशहाच्या दरबारात देव तसा उभा राहिला, आणि आपल्याला दर्शनाला व्हीआयपी पास लागतो.

चोखोबांचं मात्र तसं झालं नाही. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत पडली आणि खाली मजूर गाडले गेले, त्यात चोखोबा. त्या दिवशी देवानं भिंत अडवून धरली नाही. मी हे मुद्दाम लिहितेय कारण कीर्तनात हा भाग पटकन पुढं ढकलतात आणि हाडांच्या गोष्टीवर येतात. नामदेवराय आले, ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांमधून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी केली अशी कथा आहे. ज्याला हयातीत देवळात पाऊल टाकू दिलं नाही त्याच्यासमोर आज आषाढीला लाखो माणूस हात जोडतो आणि मगच आत जातो. पण त्या माणसाचा देह वाचला नाही, ही गोष्ट तशीच राहते, तिच्यावर फुलं टाकून ती झाकता येत नाही.

आणि चोखोबांच्या घरातली माणसं गप्प सोसणारी होती असं कुणी समजू नये. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, तिचा नवरा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आहेत. कर्ममेळ्यानं तर देवाला सरळ विचारलंय की आम्हाला हीन जातीत का घातलंस. हे विचारूनही तो भक्तच राहिला, आणि त्याचा अभंग वारकऱ्यांनी फेकून दिला नाही, जपून ठेवला.

तिसरी कान्होपात्रा. गणिकेची मुलगी, श्यामाची. रूपाची ख्याती बिदरपर्यंत गेली आणि बादशहाचं बोलावणं आलं. ती गेली नाही, पंढरपूरला पांडुरंगाच्या पायाशी गेली, माणसं तिथंपण पोचली. आता माझा अंत बघू नकोस असं ती देवाला तोंडावर म्हणाली. आणि विठ्ठलाच्या पायावर तिनं प्राण सोडला. देवळाच्या आवारात तिचं झाड दाखवतात, तरटीचं. माझी आई तिथं गेली की पदर डोळ्याला लावायची, सांगायची काही नाही.

एक सुटला आणि घरी आला. एक भिंतीखाली गेला. एक देवळात गेली. तिघांचा देव एकच. आता जाहिरातवाल्या बाबाला विचारा, यातली कुठली सुटका तुझ्या गॅरंटीत बसते? मला तर वाटतं खऱ्या धीराची सुरुवातच तिथं होते जिथं माणूस देवाला सुटकेचा नमुना सांगायचं सोडतो. मागू नये असं नाही. मी रोज मागते, किडनी मिळू दे म्हणून मागते, रात्री दिवा लावताना मागते, मशीनच्या आवाजात मागते. पण अमुक तारखेच्या आत आणि अशीच, हे म्हणत नाही. ते म्हणायला लागलं की माणूस हळूहळू त्या २४ तासवाल्याच्या दारात जातो.

अजून एक गोष्ट यातून दिसते जी मला पेपरात यायला हवी असं फार वाटतं. तिघंही देवापुढं वाकले पण बादशहापुढं नाही. दामाजींनी हुकूम मोडला. कान्होपात्रा बोलावणं आलं तरी गेली नाही. चोखोबांनी बाटाबाटीबद्दल देवाच्या दारात उभं राहून जाब विचारला. आपल्याकडं मात्र सोसा, देव बघतोय हे वाक्य कुणाला ऐकवलं जातं बघा, मार खाणाऱ्या सुनेला, मजुरी बुडवलेल्या बाईला, गावकुसाबाहेरच्याला. शेकडो वर्षं ऐकवलं. असल्या वेळेला धीराचा उपदेश करणारा देवाच्या बाजूचा नसतो, मारणाऱ्याच्या बाजूचा असतो, मग त्याच्या कपाळाला कितीही बुक्का असू दे. नम्रता संतांनी स्वतः घेतली होती, दुसऱ्यावर लादली नव्हती.

आणि धीर धरून किती मोठं काम होतं ते पण पंढरपुरातच झालंय. १९४७ साली १ मे पासून साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं, १० मेपर्यंत चाललं ते. कुणाला शिवी नाही, दगड नाही, स्वतःच्या देहाला त्रास करून घेतला. लोक त्यांना वाट्टेल ते बोलले, ते सगळं ऐकून घेतलं पण मागणी सोडली नाही. देऊळ उघडलं. चोखोबांची भिंत पडून सहाशे वर्षं होऊन गेली होती तोवर. मला कुणी विचारलं की चोखोबांना देवानं कधी सोडवलं, तर मी म्हणेन निम्मं नामदेवरायांच्या हातानं आणि निम्मं गुरुजींच्या. देव माणसाच्या हातानं उशीर लावतो आणि माणसाच्याच हातानं येतो, मला तरी असंच दिसतं.

वॉर्डात एक मुलगा आईला घेऊन येतो, माढा तालुक्यातला, सीनेच्या काठचा. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला जो महापूर आला त्यात त्यांची काठाची जमीन खरवडून गेली, माती गेली आणि खाली नुसता मुरूम दिसायला लागला, विहिरीत गाळ, मोटर गेली. तो पोरगा कधी देवानं असं का केलं म्हणाला नाही आणि देवाची इच्छा असं पण म्हणाला नाही. पंचनाम्याचे कागद पिशवीत घेऊन फिरायचा, आईला मशीनवर लावून तहसीलला जायचा, परत यायचा. राहिलेल्या वरच्या तुकड्यात ज्वारी पेरली. एकदा मी विचारलं, बाळा कंटाळत नाहीस का, तर म्हणाला मावशी कंटाळलो तर आईला कोण आणणार. मालक म्हणाले हा पोरगा काही न बोलता नाम घेतो. मी तर म्हणते धीर असाच असतो, हातपाय हलत असतात त्याचे. हात जोडून कोपऱ्यात बसलेल्या माणसाचं चित्र कॅलेंडरवर छान दिसतं पण दामाजीपंत कोठाराचं कुलूप काढत होते, चोखोबा दगड उचलत होते, आणि आमचे सिद्धरामेश्वर, ज्यांच्या नंदीध्वजाला आपण संक्रांतीला अख्खं सोलापूर लोटतो, त्यांनी बाराव्या शतकात लोकांना घेऊन तलाव खोदला.

मालकांना किडनी मिळेल का, माहीत नाही. माझी देता येत नाही, शुगर आहे मला. पण त्या वॉर्डात बसून एक सुटका झालेली मी डोळ्यांनी बघितलीय. पहिल्या काही महिन्यांत हा माणूस भिंतीकडं तोंड करून पडायचा, मलाच का म्हणायचा, कुणाशी बोलायचा नाही, मरण मागायचा. ते गेलं. कधी गेलं ते त्यालाही सांगता येत नाही. आजार तिथंच आहे, तहान तिथंच आहे, पण आतला तो तुरुंग उघडला. मी त्याला देवाचं देणंच म्हणते, दुसरं काय म्हणू.

तर आता विनंती. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, डॉ. दाभोलकरांचा जीव गेल्यावर झाला तो. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर तर १९५४ पासून देशाचा कायदा आहे. तुम्ही पेपरवाले, तुम्हाला हे आमच्यापेक्षा जास्त माहीत. जाहिरातीतल्या मजकुराची जबाबदारी आमची नाही अशी बारीक ओळ तुम्ही छापता, पण घाबरलेली माणसं ती ओळ वाचत नाहीत, नंबर वाचतात. त्या जाहिराती घेणं बंद करा. पैशाचं नुकसान होईल, होऊ द्या की, दामाजीपंतांच्या जिल्ह्यातला पेपर आहे तुमचा.

आणि तो कोपरा रिकामा झाला की तिथं महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं हे छापा, रेशन कार्ड, आधार कार्ड आणि अजून कुठले कागद लागतात, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र कुठं बसतो, अवयवदानाचा फॉर्म कुठं भरायचा, हे सगळं मोठ्या अक्षरात छापा, चष्मा नसलेल्याला पण दिसेल असं. आषाढीची पुरवणी काढाल तेव्हा चोखोबांवर लेख घ्या, आणि त्यात भिंत पडली ते नीट लिहा.

आपली वाचक,
एक गृहिणी, भवानी पेठ, सोलापूर
(नाव छापू नये ही विनंती, मालकांना आवडणार नाही.)